येते म्हणायचं असतं

तुळजाबाईचं आणि माझं एक दिवसही पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दोन म्हाताऱ्यांची मैत्री वगैरे समजून कोणाला गहिवर यायला नको. ती मला आवडत नव्हती आणि मी तिला त्याहून कमी आवडत होते. तरी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण चौतीस वर्षांच्या कारकुनीत माझ्या हातून एकाच नावापुढे खोटी नोंद झाली आणि ते नाव तिचं.

मी नंदा ओव्हाळ. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या कचेरीत नोंदवह्या सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून येरवड्याच्या बेघर महिलांच्या निवाऱ्यात जायला लागले. एक बंद पडलेली शाळा, तिथे तीस खाटा, एक स्वयंपाकघर आणि चालवायला एक संस्था. संस्थेतल्या लोकांना भाषणं छान यायची, वही मात्र एकालाही धड ठेवता येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांची हजेरी पाहिली आणि विचारलं, ही वही आहे की वाण्याची यादी. दुसऱ्या दिवसापासून दारातलं टेबल माझं झालं.

निवाऱ्याचा नियम असा, की सकाळी नऊला सगळ्या बायकांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायचं. मधल्या वेळात दार बंद. का, तर बायका आळशी होऊ नयेत म्हणून. आधी आठवडाभर फुटपाथवर झोपून दाखवा आणि मग आळसावर बोला, असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हणाले होते. ते इतिवृत्तात आलं नाही.

वहीत मी पाच रकाने आखले होते. शेवटचा रकाना होता, 'जाताना काय सांगितले'. एखादी परत आली नाही तर शोधायचं कुठे, ते कळावं म्हणून. पण बायका कुठे जातात ते सांगतच नसत. कोणी कचरा वेचायला जाई, कोणी मंडईत भाजी निवडायला, कोणी नुसतीच ससूनच्या आवारात जाऊन बसे. टेबलापाशी आल्या की एवढंच म्हणत, "येते ताई." घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, अशुभ असतं, हे त्यांनाही लहानपणीच शिकवलेलं. घर गेलं, शिकवण राहिली. मी मान खाली घालून लिहायचे, येते. तीस खाटा, तीस वेळा येते.

मग तुळजाबाई आली. वय अडुसष्ट, नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पत्र्याची ट्रंक. आल्या आल्या तिने मला न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?"

"ओव्हाळ," मी म्हणाले.

मी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने टेबलावर तसाच ठेवला. म्हणाली, तहान न्हाय. पुढचे आठ दिवस तिला तहान लागली नाही. बाहेरच्या नळावर जाऊन ओंजळीने पाणी पिताना मी तिला दोनदा पाहिलं. नवव्या दिवशी नळाला पाणी आलं नाही आणि तिला माझ्या तांब्यातलं प्यावं लागलं. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहून हसले. चांगुलपणाने नव्हे. माझ्या आईला गावच्या विहिरीवर जे ऐकावं लागलं होतं, ते आठवून हसले.

तिला काढायचं म्हटलं असतं तर मीच पहिली हात वर केला असता. पण तिची हकीकत हळूहळू कळत गेली. सांगायची ती स्वयंपाकीण हिराला, आणि ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणजे मलाच. वारज्याला तिच्या नवऱ्याचं वावर होतं. वारजे शहरात आलं तसं वावराचं नाव प्लॉट झालं. नवरा वारला, पोटी मूलबाळ नाही. पुतण्या जयसिंग एक दिवस कागद घेऊन आला आणि म्हणाला, काकी, रेशनकार्डासाठी अंगठा पाहिजे. तिला सही येत होती. चौथी शिकलेली होती ती. "अंगठाच लागतो," तो म्हणाला, "काय जातंय अंगठा द्यायला?" तो कागद हक्कसोडपत्राचा होता.

पुढे डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मोफत शिबिरात, चार दिवसांचं. निघताना ती दारात वळून पुतण्याच्या बायकोला, तेजस्विनीला म्हणाली, "येते गं." तेजस्विनी म्हणाली, "या काकी, सावकाश या." चार दिवसांनी डोळ्याला हिरवी पट्टी लावून ती परत आली तेव्हा दाराला नवं कुलूप होतं आणि तिची ट्रंक शेजाऱ्यांच्या ओट्यावर होती. सावकाश या म्हणाली होती, एवढं मात्र तिने खरं केलं.

त्या दिवसापासून तुळजाबाईने येते म्हणणं सोडलं. निवाऱ्यातल्या पहिल्याच सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून तिने सांगितलं, "जाते."

"येते म्हणावं," मी म्हणाले.

"का?"

"म्हणायचं असतं तसं."

"ज्याला दार हाय त्यानं म्हनावं. मी जाते."

आणि गेली. रोज दोन बस बदलून वारज्याला जायची. तिच्या वावरावर आता अकरा मजली इमारत उभी आहे. तिथे वॉचमनच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तुमची लिफ्ट माझ्या वांग्याच्या वाफ्यात उभी हाय. संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला निवाऱ्यात परत. अकरा महिन्यांत एकदाही उशीर नाही. आमच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावावं, तसं तिच्यावर लावता आलं असतं.

आता माझा गुन्हा. पहिल्या दिवशी रकान्यात 'जाते' लिहिताना माझं पेन अडलं. वर-खाली एकोणतीस ओळी, सगळ्या 'येते'च्या, आणि मध्ये एक 'जाते'. डोळ्यांना खुपत होतं. माझा अशुभावर विश्वास नाही, आमच्या घरात ते सगळं छप्पन साली संपलं. पण लिहिता येईना. मी तिथेही 'येते' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तसंच. मग सवय लागली. ती तोंडाने जाते म्हणे, मी हाताने येते लिही, आणि तिला वाचता येत असूनही तिने कधी वहीत डोकावलं नाही. अकरा महिने हे चाललं. मला वाटायचं, मी तिच्यावर उपकारच करते आहे.

मार्चमध्ये माझा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी आठ दिवस घरी बसवलं. त्याच आठवड्यात संस्थेने टॅबलेट आणला. नवी व्यवस्थापक शेफाली, वय सव्वीस, हुशार, कोथरूडहून स्कूटरवर येणारी, ती माझ्या टेबलावर बसली. टॅबलेटमध्ये माझे पाच रकाने नव्हते. दोनच बटणं होती, 'रिटर्निंग' आणि 'एक्झिट'. मंगळवारी सकाळी बायका ओळीने पुढे आल्या. येते म्हणाल्या, शेफालीने पहिलं बटण दाबलं. तुळजाबाई पुढे आली आणि म्हणाली, "जाते."

शेफालीने विचारलं, "आजी, म्हणजे जाणार तुम्ही? नक्की?"

"मग काय सांगते? जाते."

शेफालीने दुसरं बटण दाबलं. दुपारी चंपा नावाची एक मुलगी पोलिसांनी आणून सोडली, सातवा महिना चालू असलेली. टॅबलेटवर सतरा नंबरची खाट रिकामी दिसत होती. तिथे तिला झोपवलं. साडेसहाला तुळजाबाई परत आली तर तिच्या खाटेवर चंपा, आणि टॅबलेट म्हणतो की ही बाई स्वेच्छेने निवारा सोडून गेली. स्वेच्छेने गेलेल्या बाईला नव्वद दिवस परत घ्यायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. बायका ये-जा करून खाटा अडवतात म्हणून केलेला.

बुधवारी सकाळी हिराचा फोन आला. "ताई, म्हातारी रात्रभर पायरीवर बसून होती. आणि आत कोणी घेईना." मी गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षाने येरवड्याला गेले. तुळजाबाई फाटकाशी ट्रंकेवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलीस का मजा बघायला?"

"उठा," मी म्हणाले. "आत चला."

संस्थेचे विश्वस्त पुष्कर सर अकराला आले. मऊ आवाजाचा माणूस. असल्या माणसांची मला जास्त भीती वाटते, कारण ते नाही म्हणताना आधी चहा विचारतात. त्यांनी चहा विचारला. मी म्हटलं, चहा राहू द्या, खाट द्या. शेफाली बिचारी कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "सर, ॲक्च्युअली मी दोनदा विचारलं होतं आजींना."

"खाट रिकामी नाही," पुष्कर सर म्हणाले. "त्या गरोदर मुलीला उठवायचं का, नंदाताई? आपणच सांगा."

"तिला न्हाय उठवायचं," तुळजाबाई दारातूनच म्हणाली. "झोपू दे पोरीला. उशी तेवढी माझी हाय, ती दे म्हनावं."

"मग खाली सतरंजी टाका," मी म्हणाले. "शाळा आहे ही. एका वर्गात साठ पोरं बसायची."

"क्षमता तीसची आहे. शिवाय आजी स्वतः सांगून गेल्या आहेत."

"त्या रोजच असं सांगतात. त्यांची बोलण्याची पद्धत आहे ती."

"रोज?" पुष्कर सरांनी माझी वही पुढे ओढली. माझी, मी आखलेली, तांबड्या शाईच्या रेघांची. पानं उलटत गेले. सतरा नंबर, येते. सतरा नंबर, येते. त्यांनी बोट ठेवून मला दाखवलं. "अकरा महिने रोज येते. म्हणजे आजींना दोन्हींतला फरक चांगला माहीत आहे. काल जाते म्हणाल्या, म्हणजे ठरवूनच म्हणाल्या. तुमच्या नोंदीवर माझा पूर्ण विश्वास आहे, नंदाताई. इतकी सुंदर वही मी पाहिली नाही."

मला आयुष्यात माझ्या अक्षराचा इतका राग कधी आला नव्हता. अकरा महिन्यांचा पुरावा मी स्वतःच्या हाताने तयार करून ठेवला होता, तिच्याविरुद्ध. मी म्हणाले, "त्या नोंदी खोट्या आहेत. ती रोज जाते म्हणायची. मी येते लिहायचे."

मग तुळजाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रात्रभर पायरीवर बसलेल्या बाईच्या अंगात एवढा संताप कुठून येतो, मला माहीत नाही.

"माझ्या नावापुढं तू येते लिवलंस?"

"तुमच्या भल्यासाठी लिहिलं."

"जयसिंग बी भल्यासाठीच म्हनला होता. त्यानं माझा अंगठा घेतला, तू माझं तोंड घेतलंस. तुला कुनी सांगितलं होतं गं? कुनी दिला तुला हक्क?"

"अशुभ दिसत होतं ते."

"तुला दिसत होतं. मला न्हाय." आणि मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "येते म्हननारीला कुनीतरी ये म्हनावं लागतं. ह्या तीस बाया रोज तुला येते म्हनत्यात. तू एकीला तरी कधी ये म्हनलीस? नुसती लिवत बसलीस."

खरंच, मी कधी मानही वर केली नव्हती.

पुष्कर सरांनी वही मिटली. म्हणाले, एक नोंद खोटी निघाली की सगळी वहीच संशयास्पद होते, हे आपल्यासारख्या अनुभवी बाईंना सांगायला नको. आपला गुडघाही दुखतो आहे, तर उद्यापासून आपण विश्रांती घ्यावी. अगदी आदराने काढलं मला. मग तुळजाबाईंकडे वळून म्हणाले, "आजी, तुमच्यासाठी मी एक करू शकतो. अपवाद म्हणून सतरंजीची सोय करू. फक्त लिहून द्या, की काल चुकून बोललात. जाते नाही, येते म्हणायचं होतं. एवढंच."

मी तिचा हात धरला. पहिल्यांदाच धरला. "म्हणा," मी म्हणाले. "एक शब्द तर आहे. काय जातंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला. ती म्हणाली, "अंगठा घेताना त्यो बी हेच म्हनला होता. काय जातंय." मग पुष्कर सरांना, "चुकून न्हाय बोलले. समजून बोलले. घर असतं तर येते म्हनले असते. हे घर न्हाय. तुमच्यापाशी खाट हाय, ती तुम्ही एका बटनात काढली. लिवा तुमच्या त्या पाटीवर. जाते."

हिराने आतून उशी आणून दिली. ट्रंक एका हातात आणि उशी काखेत घेऊन ती फाटकाबाहेर पडली. मीही पडले. माझ्या हातात काही नव्हतं, वहीसुद्धा त्यांनी ठेवून घेतली होती.

रस्त्यावर आल्यावर माझं डोकं फिरलं. "एवढा माज बरा नाही," मी म्हणाले. "सतरंजी मिळत होती. आता कुठे जाणार आहात?"

"तुला काय करायचंय?"

"माझ्या दोन खोल्या आहेत खडकीला. एकीत मी असते."

ती थांबली. आडनावाचा विचार तिच्या चेहऱ्यावरून गेला, मी पाहिला, आणि मी पाहिला हे तिनेही पाहिलं.

"पाणी प्यावं लागेल," मी म्हणाले. "तिथे दुसरा नळ नाही."

"तू काय उपकार करतीस का?"

"नाही. मला काम राहिलं नाही, भांडायला कोणीतरी पाहिजे."

रिक्षात ती तोंड फिरवून बसली. ट्रंक मांडीवर, उशी ट्रंकेवर. होळकर पुलापर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि पुलानंतर बोललो ते रिक्षावाल्याने लांबून नेलं यावरून, दोघी मिळून त्याला.

आता दोन महिने होतील. एवढ्या दिवसांत आम्ही मिठावरून भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून भांडलो, खिडकी उघडी की बंद यावरून रोज भांडतो. माझ्या बुद्धमूर्तीसमोर तिने एकदाही हात जोडले नाहीत आणि तिच्या देवीचा टाक तिने मला न विचारता मिक्सरशेजारी मांडला. मी तो उचलून फडताळात ठेवला, तिने परत मिक्सरशेजारी ठेवला. सध्या मी चटणी पाट्यावर वाटते. तिची ट्रंक अजून दाराशी आहे, कपडे त्यातूनच काढते आणि त्यातच ठेवते. पाणी माझ्याच माठातलं पिते, पण वरून, भांडं ओठाला न लावता. तिला लहानपणापासून तसंच प्यायची सवय आहे म्हणे. असेल.

सकाळी नऊला ती वारज्याला निघते. दारात म्हणते, "जाते." पहिल्या दिवशी मी म्हणाले, "या." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी आता रोज म्हणते, ती रोज ऐकत नाही. साडेसहाला परत असते. शेफालीचा एकदा फोन आला होता, ताई, टॅबलेटमध्ये तिसरं बटण घालायला सांगितलंय. मी विचारलं, त्यावर काय लिहिणार? तिला ते अजून ठरवता आलेलं नव्हतं. चंपाला मुलगी झाली, एवढं मात्र तिने सांगितलं. तुळजाबाईला कळवलं तर म्हणाली, उशी आनली ते वाईट झालं.

परवा रविवार होता, ती घरीच होती. मला गुडघा दाखवायला जायचं होतं. चपला घातल्या, खुंटीवरचं कुलूप घेतलं, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना सवयीने म्हणाले, "येते." माझा नवरा बाबुराव गेल्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं हा शब्द मी रिकाम्या घराला सांगते आहे. सांगते, कुलूप लावते, दोनदा ओढून बघते. उत्तराची वाट बघायची असते हे मी विसरूनही गेले होते.

आतून मेथी निवडता निवडता, मान वर न करता, चांगल्या तुसडेपणाने ती म्हणाली, "ये. आन् येताना लिंबं आन. तुझ्या घरात एक लिंबू धड नसतं."

मी दारात तशीच उभी राहिले.

"आता काय?" ती म्हणाली. "जा की."

मग हातातलं कुलूप परत खुंटीला अडकवलं आणि जिना उतरले.